तुझ्या हिशेबाने दोन वर्षांचा

ये गं इंदे, अशी जवळ ये. एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उंबऱ्यात उभ्याउभ्या बोलायची तुझी खोड. सून म्हणून या घरात आलीस तेव्हापासून सांगतेय, एकतर आत यावं नाहीतर बाहेर जावं. ऐकशील तर शपथ! बस इथे पाटावर. आज मला बोलायचंय आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि असं अर्ध्यातून उठून जायला तुला कुणी सांगितलं होतं? मोठ्या जावेला वचन मागायचं, आणि तिचं उत्तर यायच्या आत निघून जायचं, ही कुठली रीत?

तेराव्याचं सगळं उरकलं. पाहुणे गेले. भाऊजी आज पहिल्यांदा कोलशेतला कामावर गेले. डबा मी दिला. तो हातात घेऊन दाराशी घुटमळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, त्याचं एकदा काय ते ठरवा."

त्याचं म्हणजे तुझ्या धोंडूचं. तो तिकडे खिडकीत बसून केस विंचरतोय. कमरेपर्यंत केस आणि अकरा वर्षांचा मुलगा. अकरा माझ्या हिशेबाने. तुझ्या हिशेबाने दोन. हाच तर आपला वाद.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. काल शेजारच्या बायका ओट्यावर बोलत होत्या, "चांगली होती हो, पण त्या पोराच्या बाबतीत जरा वेडीच." मला ते ऐकवलं नाही. तू वेडी नव्हतीस. हट्टी होतीस, महाहट्टी. पण कशापायी, ते त्यांनीही एकदा ऐकावं.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुझे दिवस भरत आले होते. त्याआधीची तुझी दोन बाळं गेली होती. त्यांची नावं घेत नाही, तुला चालत नसे. दोघांचंही सगळं यथासांग झालं होतं. भटजींनी तिथी, नक्षत्र लिहून घेतलं, पत्रिका मांडली. सहाव्या दिवशी सटवाईच्या पूजेला कोरा कागद आणि लेखणी ठेवली, तिने येऊन बाळाचं नशीब लिहावं म्हणून. तिने लिहिलं. काय लिहिलं ते आपण पाहिलं.

म्हणून तिसऱ्या खेपेला तुझी आई खडवलीहून आली ती पदर खोचूनच. ठाण्याच्या दवाखान्यात तुला मुलगा झाला. नातवाचं तोंड बघायच्या आधी तिने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"माई, या पोराची तिथी कुणी उच्चारायची नाही. पत्रिका करायची नाही. सटवाई सगळ्यांना तिथीवर शोधते. हे पोर आपण साहेबाच्या तारखेवर ठेवू. तिला कुठली इंग्रजी तारीख कळतेय!"

मी हसले. म्हटलं, "अहो विहीणबाई, देवीदेवतांनाही इंग्रजी यायला लागलं असेल एव्हाना."

"हसू नका. माझी दोन नातवंडं गेलीत. जा, त्या नर्सबाईला आजची तारीख विचारून या."

नर्सबाईंनी सांगितलं, एकोणतीस फेब्रुवारी. आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबाचा महिना, असतील त्याला एकोणतीस दिवस. लपायला कोनाडा हवा होता, आणि तुझ्या आईने न कळत सगळ्या वर्षातला सगळ्यात खोल कोनाडा शोधून काढला होता.

घरी आलो. सटवाईची पूजा केली, तिला दुखवायचं नव्हतं. पण कागद ठेवला नाही आणि लेखणीही नाही. मुलाचं नाव धोंडू ठेवलं. खरं नाव श्रीधर, ते तू, मी आणि भाऊजी एवढ्यांनाच ठाऊक, हाक मारायची नाही. त्याचं नाक टोचलं, सटवाईला मुलगी वाटावी म्हणून परकर शिवला. आणि मग तू ओली बाळंतीण तशीच खडवलीला गेलीस. नदीकाठच्या देवीपुढे बाळाला ठेवलंस. मी तुझ्या शेजारी उभी होते. तू म्हणालीस, "याचे पाच वाढदिवस मला पाहू दे. मग याचं जावळ तुझ्या पायाशी काढीन आणि याला खऱ्या नावाने हाक मारीन. तोवर कात्री लावणार नाही." मी हात जोडले. मनात म्हटलं, पाच वर्षं काय, बघता बघता जातील.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्याची तिथी मला ठाऊक होती. त्या दिवशी सकाळी माझ्या उपासाची खात्री करायला मी पंचांग पाहिलं होतं. पुढे आपण एवढे कडाकडा भांडलो, तू मला काय काय बोललीस, मी तुला काय काय बोलले, पण ती तिथी माझ्या तोंडून कधी निघाली नाही. आजही सांगत नाही. ज्याला शोधायची त्याने पंचांगं धुंडाळावी, मी हातात देणार नाही. तुला हे कळलं होतं का गं? मला नेहमी वाटायचं, कळलं असावं.

पुढच्या फेब्रुवारीत तू भाऊजींनी आणलेल्या कॅलेंडरापुढे उभी राहिलीस. अठ्ठावीसवर बोट ठेवलंस, पुढे सरकवलंस, आणि बोट भिंतीवर आलं.

"अहो, इथे तर महिनाच संपला!"

भाऊजी दाढी करत होते. हसताना गालाला पातं लागलं त्यांच्या. "अगं, ती तारीख चार वर्षांनी एकदा येते."

"मग याचा वाढदिवस?"

"अठ्ठावीसला कर. नाहीतर एक मार्चला. काय बिघडतं?"

दुपारी तांदूळ निवडताना हळूच म्हणालीस, "माई, आईने तिथी लपवली. देवाने याचा दिवसच लपवला." तुझा चेहरा असा उजळला होता! दोन बाळं गेल्यावर पहिल्यांदा मी तुला तशी पाहिली. वाटलं, असू दे, एवढ्यावर हिला झोप लागत असेल तर लागू दे.

तिसऱ्या वर्षी भाऊजी अडून बसले. "आळीत सगळ्यांची मुलं वाढदिवसाला ओवाळून घेतात, आपलं पोर काय वाऱ्यावर आलंय?" अठ्ठावीस तारीख धरली. शिरा केला, बायका बोलावल्या, पाट मांडला. तू ओवाळत होतीस आणि धोंडू खोकत होता. दोन दिवस कफ होता त्याला, ते आपल्याला माहीत होतं. पण संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बंद व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, घटसर्प. सुई टोचली. श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जायची आणि शिटीसारखा आवाज यायचा. पोरगं वाचलं. पण त्याच्या उशाशी बसून तू जे बोललीस ते मी विसरले नाही.

"खोट्या दिवशी दिवा ओवाळला मी. त्या उजेडात तिला दिसला तो."

"इंदे, कफ होता त्याला."

"तुम्ही म्हणाल तसं, माई." आणि तोंड फिरवलंस. तू 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालीस की मी समजायचे, आता ही ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही.

पुढच्या वर्षी खरी एकोणतीस आली. तू त्या दिवशी काय दिसत होतीस! अंबाड्यात फूल, नवं लुगडं. पुरण घातलंस. धोंडू जेवला, खेळला, पडला, रडला, पुन्हा खेळला, काही म्हणता काही झालं नाही त्याला. पाटावरून उठलीस आणि म्हणालीस, "एक झाला."

मी म्हटलं, "चार झाला."

"एक झाला, माई. चार राहिले."

आधी मला कळलंच नाही. मग बोटांवर मोजलं आणि माझं डोकं फिरलं. "अगं, म्हणजे विसाव्या वर्षी जावळ काढणार तू याचं? मिशा फुटतील त्याला! लग्नाच्या बोहल्यावर परकर घालून उभा करणार आहेस?"

"देवीला मी पाच बोललेय. खोटे चालत नाहीत, ते आपण पाहिलं."

"त्याच्या अंगाला विचार. गेल्या वर्षीचा सदरा त्याच्या बेंबीपर्यंत येतो. त्या सदऱ्याला कळतं तो चारचा झालाय ते."

"सदऱ्याला कळलं तर कळू दे. सटवाईला कळायला नको."

तुझ्यापुढे बोलायची सोय नव्हती. पण इंदे, तुझं दुसरंही सांगते, नाहीतर लोक म्हणतील मी तुझ्या तक्रारीच सांगत बसले. तू त्याला अडाणी ठेवला नाहीस. स्वयंपाक करताकरता बाराखडी, पाढे, पावकी, निमकी, सगळं त्याच्याकडून घोटून घेतलंस. मला वाचता येतं ते माझ्या मुलींच्या पुस्तकांवरून, तेही अडखळत. मी वर्तमानपत्र वाचताना चुकले की तो परकर सावरत यायचा आणि म्हणायचा, "माईकाकू, हे असं नाही, असं." तेव्हा तू चुलीपाशी पाठमोरी हसत असायचीस. दिसायचं नाही, पण खांदे हलायचे.

सहा वर्षांचा झाला, म्हणजे माझ्या हिशेबाने, तेव्हा भाऊजींनी पुन्हा धरणं धरलं आणि तू शाळेत यायला कशीबशी तयार झालीस. आपण दोघी त्याला घेऊन गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच तू त्याला चड्डी-सदरा घातला होतास, वेण्या वर बांधून टोपीत कोंबल्या होत्या. एक वेणी सुटून बाहेर आली. गुरुजी भला माणूस. त्यांनी विचारलं, "मुलीचं नाव काय?"

"मी मुलगा आहे," धोंडू म्हणाला, "आणि मला तेरापर्यंत पाढे येतात."

गुरुजी हसले. "अरे वा! मग नाव सांग बघू."

"धोंडू."

"ते घरातलं. पाळण्यातलं?"

धोंडूने तुझ्याकडे बघितलं. तू जमिनीकडे. मी कोपराने ढोसलं तुला. तू म्हणालीस, "आधी जन्मतारीख लिहा. एकोणतीस फेब्रुवारी."

गुरुजींनी टाक वर उचलला. "बाई, या तारखेने पुढे घोळ होतो. मी एक जून लिहितो. निम्म्या वर्गाची तीच आहे."

"खोटा दिवस नको माझ्या मुलाला!"

तुझा आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली. गुरुजी बिचारे गोंधळले. म्हणाले, "बरं, खरी लिहितो. पण मग नावही खरं सांगा. नाव आणि तारीख दोन्ही एका ओळीत लागतात."

संपलं. तू त्याचा हात धरलास आणि निघालीस. मी मागून धावतेय, धोंडू मागे वळून वळून बघतोय. रस्त्यात म्हणालीस, "नाव आणि दिवस एका ओळीत, सरकारी वहीत, शाईने! मी लेखणी ठेवली नाही तिच्यापुढे, आणि आता आपल्याच हाताने लिहून देऊ?"

मला हसू आलं. ते तुला खपलं नाही. नागपंचमीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मीठ हवं असलं तरी धोंडूला पाठवायचीस, "माईकाकू, आई म्हणते मीठ आहे का, आणि आई म्हणते की आई म्हणाली असं सांगू नकोस."

आठवं लागलं तशी मुंजीची बोलणी निघाली. मुंज म्हणजे डोकं उतरवणं आलंच. भाऊजींनी तुला विचारलं नाही. ती दुसरी खरी एकोणतीस. सकाळी तू ओवाळलंस, "दोन झाले" म्हणालीस, आणि तेवढ्यात अंगणात भाऊजी शंकर न्हाव्याला घेऊन उभे.

"आण त्याला बाहेर. आज त्याचा खरा दिवस आहे ना? मग आज तरी भिऊ नकोस."

तू पाटावरच त्याला मांडीत ओढलंस. आठ वर्षांचा घोडा, त्याचे पाय मांडीत मावेनात. दोन्ही हातांनी त्याचं डोकं छातीशी धरलंस. भाऊजी आत आले. त्यांनी त्याचा एक हात धरला. कुणी ओरडत नव्हतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. अंगणात शंकर धोपटी उघडायची की नाही म्हणून ताटकळलेला.

मी म्हटलं, "इंदे, सोड त्याला." मी भाऊजींच्या बाजूने होते, ते मी कधी लपवलं नाही. तू माझ्याकडे जे बघितलंस, ते बघणं मी अजून घेऊन फिरतेय. परक्या बाईकडे बघावं तसं.

आणि तेव्हा हा पठ्ठ्या तुझ्या मिठीतून म्हणतो, "बाबा, आज माझा वाढदिवस आहे ना? मग आज मी म्हणेन ते."

भाऊजी म्हणाले, "म्हण."

"शंकरकाका, तुम्ही आमच्या बाबांचे कापा. कानावर आलेत."

शंकरला हसू आवरेना. भाऊजींनी हात सोडला, बाहेर जाऊन बसले आणि खरंच केस कापून घेतले. सगळे हसलो. तू हसली नाहीस. नंतर मी त्याला आंघोळ घातली तर त्याच्या खांद्यांवर तुझ्या बोटांचे वळ होते. मी विचारलं, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "आईला सांगू नका."

असा तो, इंदे. तुला कधी बोलला नाही, पण समोरच्या घरातली पोरं शाळेत निघाली की तो खिडकीतून दूर व्हायचा. त्यांच्याकडून पुस्तकं मागून घ्यायचा. 'वेणीवाला' म्हणून हाक मारली तर ओ द्यायचा. तुझ्यासाठी. तुला हे दिसत होतं, नाही असं म्हणू नकोस. दिसत होतं आणि तरी तू घट्ट धरून होतीस.

यंदा श्रावणापासून तुझे पाय सुजायला लागले. चार पायऱ्या चढलीस तर श्वास पुरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय दमलंय. दसऱ्याला तू अंथरुणातून उठली नाहीस. मी तुला पेज भरवत होते, तू चमचा बाजूला केलास.

"माई, मला वचन द्या. पाच होईपर्यंत त्याच्या केसांना कुणाला हात लावू देऊ नका. ह्यांना सुद्धा."

"तू आहेस की."

"मी नसेन."

"अगं, पाच होईपर्यंत मी सत्तरीला टेकेन. मी तरी कुठे असणार आहे?"

तू हसलीस. अशी, एका बाजूने. "तुम्ही मोजू नका, म्हणजे असाल."

मी पेज ढवळत राहिले. हो म्हणावं तर त्या पोराची आणखी वर्षं खिडकीत जाणार. नाही म्हणावं तर तू माझ्याकडे बघत होतीस. म्हटलं, "बरी हो आधी, मग बोलू." तू म्हणालीस, "तुम्ही म्हणाल तसं." आणि पुन्हा तो विषय काढलाच नाहीस. मीही काढला नाही. दिवाळी आली आणि उलटली, आणि एका सकाळी मी हाक मारली तर तू ओ दिली नाहीस.

आता पुढचं तू ऐकलंस की नाही, मला ठाऊक नाही. तू आत होतीस. तुला न्यायची तयारी चालली होती. अंगणात भटजी म्हणाले, "मुलाला बसवा. अग्नी त्याने द्यायचा, त्याआधी क्षौर व्हायला हवं."

शंकर आला होता. मान खाली घालून त्याने धोपटी सोडली, वाटीत पाणी घेतलं. भाऊजी भिंतीला टेकलेले, ते ना हो म्हणत ना नाही. आणि धोंडू आपणहून पाटावर येऊन बसला. केस मोकळे सोडले त्याने. रडत नव्हता. वर बघून मला विचारलं, "माईकाकू, देवीच्या पायाशी काढायचे होते ना हे?"

शंकरने वस्तऱ्याला पाणी लावलं आणि मी पुढे सरले, इंदे! इतकी वर्षं मी म्हणत होते, काढा ते केस, काढा एकदाचे. आणि आता निघणार होते तर मला वाटलं, पहिला वस्तरा याच्या डोक्याला लागणार तो मरणाच्या नावाने, आणि मग कशाचीच आडकाठी राहणार नाही. तुझी ती भीती माझ्यात आली. पुरी आली. तू एवढी वर्षं कशाबरोबर संसार केलास ते त्या घटकेला मला कळलं.

मी म्हटलं, "थांब शंकर."

भटजी म्हणाले, "माई, वेळ जातोय."

"मूल अगदी लहान असलं तर कोण करतं?"

"जावळही न झालेलं, तीनच्या आतलं पोर असलं तर बाप करतो. पण हा तर चांगला..."

"हा दोन वर्षांचा आहे."

भटजी खालच्या आवाजात म्हणाले, "दुःखात माणूस बोलतं काहीतरी. अहो, अकराचा मुलगा आहे, सगळ्या आळीला माहीत आहे."

"आळीला काय माहीत? आळीने ओवाळलं का त्याला? ज्या आईने ओवाळलं ती आत आहे. तिने दोनदा ओवाळलं, तिसरा दिवस अजून यायचाय. एकोणतीस तारखेचा मुलगा आहे हा. ज्याचा दिवस दोनदाच उगवला तो तीनचा कुठून होईल? आणि जावळ झालंय का, ते तुमच्या डोळ्यांनी बघा की!"

भटजींनी बघितलं. ते केस खोटं थोडंच बोलणार होते. त्यांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी भिंतीपासून सुटले, धोंडूला खांद्याला धरून उठवलं आणि त्याच्या जागी बसले. "माझे काढ, शंकर."

भटजी म्हणाले, "असो. नवऱ्याचा अधिकार आहेच."

तुझा हिशेब मी चारचौघांत छातीठोक मांडला, इंदे. इतकी वर्षं ज्याची मी चेष्टा केली, तोच. तू ऐकलंस का गं? एवढं एकच मला विचारायचंय. तुला उचलून दाराबाहेर काढेपर्यंत मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, आता कुठे खांदे हलतील म्हणून.

दहाव्याला म्हणे कावळा लगेच शिवला. भाऊजींनी सांगितलं, ठेवलं आणि शिवला. सगळ्या बायका म्हणाल्या, समाधानाने गेली, काही इच्छा राहिली नाही. मला राग आला तुझा. काही इच्छा राहिली नाही? मग मला जे मागितलंस ते काय होतं? सगळं माझ्या ओटीत टाकलंस आणि तू मोकळी?

भाऊजी म्हणतात, आता पुरे. येत्या फेब्रुवारीत एकोणतीस येतेय, त्या दिवशी जावळ आणि मुंज एकदमच उरकू, जूनमध्ये शाळा. रागाने नाही म्हणत. दमलेत. मी धोंडूला विचारलं, "तुला काय वाटतं रे?" तो म्हणाला, "केस राहू देत. मला त्रास नाही त्यांचा. पण गुरुजींना सांगा, मला अपूर्णांक येतात." आणि मग फणी खाली ठेवून, "आईला विचारलंत का?"

तर विचारतेय. केस राहतील. ते तुझं आणि देवीचं, त्याला मी हात लावू देणार नाही, भाऊजींशी भांडेन. मुंज थांबेल. पण त्याला शाळेत जाऊ दे, इंदे. मी स्वतः घेऊन जाईन. एक जून नाही, त्याचा खरा दिवस लिहवून घेईन, आणि शेजारी खरं नाव. दोन्ही एका ओळीत. हे बोलतानासुद्धा मी आवाज खाली आणतेय, तू माझी ही काय गत करून ठेवलीस! मला एकटीला ते धाडस होणार नाही. त्या वहीत ती ओळ उमटेल तेव्हा तू माझ्या पाठीशी असायला हवीस. तुला पटत नसेल तर तसं सांग, भांड, पुन्हा नागपंचमीपर्यंत अबोला धर. पण येऊन धर.

त्याला ओवाळायला एकोणतीसला तू येशील, हे मला सांगायला नको. पण तेवढ्यावर थांबू नकोस गं. त्याच्या आधी ये, अशीच एखाद्या दुपारी, तांदूळ निवडायला बसल्यासारखी. चार चार वर्षं वाट बघायचं तुझं काळीज माझ्याकडे नाही, इंदे. लवकर ये.